घोडं आजारी पडलं की डॉक्टर येईपर्यंत तुम्ही काय करता?

रानवाट (रविवार, रात्री ९:४०)

आमच्याकडे वाईजवळ दोन घोड्या होत्या, आता एकच आहे. मोठी गेल्या पावसाळ्यात गेली. हा धागा तिच्यासाठी काढते आहे.

त्या संध्याकाळी तिने चंदी (दाण्याचा खुराक) तोंडात घेतली आणि सोडून दिली. मग पुढच्या पायाने माती उकरायला लागली, वळून वळून कुशीकडे बघायला लागली. पोटशूळ आहे हे आम्हाला कळलं. गावातले एक अनुभवी गृहस्थ धावत आले. त्यांनी तिचं डोकं दोरीने फांदीला वर ताणून बांधलं आणि बांबूच्या नळकांड्यातून गोडेतेल, हिंग, ओवा असं सगळं घशात ओतलं. घोडी दोनदा खोकली. डाव्या नाकपुडीतून तेलाची बारीक धार आली. ती धार मी कंदिलाच्या उजेडात माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

शूळ त्याच रात्री उतरला होता. घोडी गेली पाचव्या दिवशी, फुफ्फुसात गेलेल्या तेलाने. शेवटचे दोन दिवस तिच्या श्वासाला कुजका वास येत होता.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं, आजोबांनीही. घोडी गेली तेव्हा ते गोठ्यात बसून रडले. पण आपल्याकडे घोडं पाळणारी इतकी माणसं आहेत, लग्नाच्या वरातीची, पर्यटनाच्या ठिकाणची, शर्यतीची, धनगरांच्या वाड्यावरची. बहुतेकांपासून घोड्यांची माहिती असलेला डॉक्टर दोन-तीन तासांवर असतो. त्या दोन-तीन तासांत काय करायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे एका जागी मराठीत असावं असं मनापासून वाटतं. ज्यांना जे स्वतः करून माहीत आहे ते लिहा.

जुना सलोत्री (रविवार, रात्री १०:२५)

मी पशुवैद्य, नोकरीतून निवृत्त. तुम्ही लिहिलंत ते मी नोकरीत कितीतरी वेळा पाहिलं आहे, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येत नाही. त्यामुळे पोट तुंबलेलं असताना वरून आणखी ओतलं तर ताण वाढतो, क्वचित जठर फाटतं. दुसरं, डोकं वर ताणून बांधलं की जनावराला नीट गिळता येत नाही आणि ओतलेलं थेट श्वासनळीत उतरतं. आम्हीही पोटात तेल घालतो, पण नाकातून अन्ननलिकेत नळी घालून, ती श्वासनळीत गेलेली नाही याची खात्री करून, आणि आधी जठरातला वायू आणि पाणी बाहेर काढून. त्यामुळे घरी तोंडातून काही पाजायचं नाही. तेल, सोडा, काढा, काहीच नाही.

आता फोनवर आम्हाला काय हवं असतं ते सांगतो. "घोडं लोळतंय, लवकर या" एवढ्यावर मला काही ठरवता येत नाही. मला आकडे हवेत.

नाडी: जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं की दोरीसारखी धमनी लागते. तिच्यावर हलकं बोट ठेवून अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. निवांत उभ्या मोठ्या घोड्याची २८ ते ४४. शूळ असलेल्या घोड्याची ६०च्या वर गेली आणि तिथेच राहिली तर गोष्ट गंभीर आहे.

ताप: गुदद्वारात थर्मामीटर, त्याला दोरा, दोऱ्याला चिमटा, चिमटा शेपटीच्या केसांना. नाहीतर थर्मामीटर आत ओढला जातो. ९९ ते १०१.५ फॅरनहाइट ठीक.

श्वास: बरगडी-कुशीची हालचाल बघून मिनिटाला ८ ते १६.

हिरड्या: ओल्या आणि फिक्या गुलाबी. अंगठ्याने दाबून सोडलं की पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. विटकरी लाल, जांभळट किंवा कोरड्या असतील तर फोनवर पहिलं वाक्य तेच असू द्या.

पोटाचा आवाज: कुशीला कान लावा, दोन्ही बाजूंना, वर आणि खाली. निरोगी घोड्याचं पोट सतत गुरगुरत असतं. पूर्ण शांतता असेल तर घाई करा.

आणि हे सगळं घोडं धडधाकट असताना आठवडाभर रोज मोजून गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. एखाद्याची नेहमीची नाडी ३२ असते, एखाद्याची ४२. नेहमीचा आकडा माहीत नसेल तर आजारातल्या आकड्याचा अर्थ निम्माच लागतो.

माथेरानचा मी (रविवार, रात्री ११:०५)

आमच्याकडे दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडीच येत नाही, त्यामुळे हे सगळं आम्हाला दुप्पट लागू. डॉक्टरांना एक प्रश्न. आमच्यात शूळ झाला की घोड्याला रात्रभर फिरवतात, दोघं-तिघं आळीपाळीने. मी स्वतः पहाटेपर्यंत फिरवलेलं आहे. ते बरोबर का?

जुना सलोत्री (रविवार, रात्री ११:२०)

रात्रभर नको. दुखणारं पोट घेऊन घोडं आठ तास चाललं तर अंगातलं पाणी आणि ताकद दोन्ही संपतं, आणि ऑपरेशनची किंवा सलाइनची वेळ येते तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं. १० ते १५ मिनिटं हळू चालवा, मग उभं करा, नाडी बघा. शांतपणे आडवं पडलं तर पडू द्या. धाडकन अंग टाकून लोळायला लागलं तर उठवून चालवा, पण स्वतःला जपून. तशा घोड्याच्या पायाखाली माणूस सापडतो. समोरची वैरण-चंदी काढून घ्या.

मात्र एक दुखणं असं आहे जे शुळासारखंच दिसतं आणि त्यात एक पाऊलही चालवायचं नाही. चार-पाच दिवस पागेत उभा, चंदी पूर्ण, आणि मग एकदम काम. निघाल्यावर थोड्या वेळात मागचा भाग लाकडासारखा कडक होतो, घाम फुटतो, लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. हे स्नायूंचं दुखणं. स्नायू फुटून त्यातला रंग लघवीत उतरतो आणि मूत्रपिंडं बाद करतो. जिथे अडला तिथेच थांबवा, खोगीर काढा, पाणी द्या, डॉक्टर तिथे आणा. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी निम्मी, हा नियम पाळला तर हे बहुतेक वेळा टळतं.

माथेरानचा मी (रविवार, रात्री ११:३१)

पावसाळ्यानंतर पहिल्या गर्दीला आमच्याकडे हे होतं. आम्ही त्याला "घोडा धरला" म्हणतो आणि चालवून मोकळा करायला बघतो. आमच्या वस्तीत हे मी उद्याच सांगतो.

नालबंदाची लेक (सोमवार, सकाळी ७:१५)

माझे वडील नालबंद. मी लहानपणापासून त्यांच्यासाठी घोड्याचा पाय धरून उभी राहिले आहे. तेव्हा पायांचं मी लिहिते.

खिळा घुसला की सगळ्यांचा हात आधी तो उपटायला जातो. डॉक्टर तासाभरात येणार असतील आणि घोडं त्या पायावर भार देणार नाही अशी सोय करता येत असेल तर खिळा तसाच ठेवा. टापेच्या तळाच्या मध्यभागी रबरासारखा त्रिकोण असतो, तिथे खोल गेलेला खिळा आतल्या सांध्यापर्यंत पोचतो. खिळा जागेवर असेल तर एक्स-रेत दिशा आणि खोली कळते. उपटला की भोक मिटतं आणि नंतर कुणालाच सापडत नाही. पण प्रत्येक पावलाला तो आणखी आत जाणार असेल तर काढावाच लागतो. तेव्हा आधी मोबाइलवर फोटो, मग जागेभोवती मार्करने गोल, मग ज्या दिशेने गेला त्याच दिशेने सरळ बाहेर. खिळ्याची लांबी आणि किती भागावर ओल आहे ते बघून खिळा जपून ठेवा. मग स्वच्छ फडकं आणि वरून जाड प्लॅस्टिकची पिशवी, चिकटपट्टीने.

दुसरं, टाप तापणं. घोड्याने चंदीचं पोतं फोडून खाल्लं, किंवा लग्नघरातून आलेलं गोडधोड, भिजवलेली कणीक कुणी प्रेमाने घातली, तर एक-दोन दिवसांत टापेच्या आतल्या भिंतीला सूज येते. घोडं पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभं राहतं. जमीन गरम असल्यासारखं पावलं उचलतं. टापेच्या वरच्या कडेला हात लावलात तर गरम, आणि घोट्याच्या मागे बोट ठेवलंत तर नाडी ठणठणत असते. वडील म्हणायचे की निरोगी पायात ती नाडी शोधावी लागते, दुखऱ्या पायात ती बोटाला येऊन भिडते.

जास्त चंदी खाल्ल्याचं कळलं की लक्षणांची वाट बघू नका. डॉक्टरांना फोन करा आणि दोन्ही पुढचे पाय बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवा, एकदोन तास नाही, सलग दोन दिवस. बर्फ संपला की परत घाला. खाली वाळू किंवा भाताचा पेंढा जाड अंथरा. आणि चालवायचं अजिबात नाही, कारण टापेतलं हाड ज्या धाग्यांनी लटकलेलं असतं तेच सुटत असतात.

हे मी आधीच लिहायला हवं होतं: वर्षातून एकदा धनुर्वाताची लस. पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं दुसरं कुणी नाही. वितभर जखम लागत नाही, नालेच्या खिळ्याचं भोकही पुरतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा पुढे सरकला, कान ताठ, शेपटी उचललेली, पाय लाकडी घोड्यासारखे. हे दिसलं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पागेतला (सोमवार, सकाळी ९:५०)

जखमांचं मी लिहितो. पुण्यात घोडेस्वारी शिकवतो. हळद, चुना, तंबाखू, जळकं इंजिन ऑइल, सगळं जखमेत भरलेलं पाहिलं आहे. डॉक्टरला जखमेचा तळ दिसावा लागतो, तो यातल्या कशानेही झाकला जातो, आणि ऑइल-चुना मांस जाळतो. मी एवढंच करतो: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने त्याची धार मारत राहायचं, माती निघेपर्यंत. रक्त उडत असेल तर धुणं नंतर. आधी स्वच्छ जाड कापड घट्ट दाबून १० मिनिटं घड्याळ लावून धरायचं, मधे उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं.

सांध्याजवळची जखम कितीही बारीक दिसो, ती तातडीची. तिथून मधासारखा चिकट, पिवळसर पातळ द्रव येत असेल तर सांधा उघडा पडला आहे. माझ्या एका घोडीच्या गुडघ्याला बोराच्या काट्याएवढं भोक होतं. ती व्यवस्थित चालत होती म्हणून मी दोन दिवस थांबलो. पुढे ती कधीच दुडकी चालली नाही. तो निर्णय माझा होता आणि त्याची आठवण अजून टोचते.

डोळा: पाणी गळतंय, डोळा मिटून धरलाय, तर घरात पडलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल तर डोळा जातो. अंधारात बांधा, माश्या बसू देऊ नका, त्याच दिवशी दाखवा.

तापीकाठ (सोमवार, दुपारी २:१०)

आम्ही सारंगखेड्याच्या जवळचे. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते तेव्हा देशभरातून घोडे येतात. माझा मुद्दा छोटा आहे. बाजारात सामाईक हौदावर पाणी पाजू नका, स्वतःची बादली न्या. नवीन घोडं आणलं की तीन आठवडे वेगळं बांधा, त्याची बादली-खरारा वेगळा. जबड्याखाली गाठी येऊन फुटतात, नाकातून घट्ट पू येतो, तो रोग असाच पसरतो.

आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचं मनावर घ्या. नाकातून चिकट पू, नाकाच्या आत व्रण, पायांच्या आतल्या बाजूला गाठींची माळ. याला लस नाही आणि तो माणसालाही होतो. २००९च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात तो कळवणं बंधनकारक आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्त तपासून खात्री होते. घोड्याला तो रोग निघाला तर त्याला मारावं लागतं, म्हणून लोक लपवतात. मला त्यांचं दुःख समजतं. पण लपवलेल्या घोड्याला खरारा करणारा मोतद्दार बहुतेक वेळा आपल्याच घरातलं पोर असतं.

अजून एक, हे फार थोड्यांना माहीत आहे: स्वस्त पडतं म्हणून कोंबड्यांचं खाद्य घोड्याला घालू नका. त्यात मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. उतारा नाही. बुरशी लागलेला मकाही तसाच, तो मेंदूवर जातो.

माळावरचा (सोमवार, रात्री ८:३५)

मधेच लिहितोय, माफ करा, मदत हवी आहे. बार्शीकडे आहे. घोडा ९ वर्षांचा, साडेतीन वर्षांपासून माझ्याकडे. आज दुपारपासून लिदीच्या दोनच गोळ्या, कडक आणि वर शेंबडासारखं. सातपासून उभा-बस चाललं आहे, वरचा ओठ उलटा करतोय. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लागला, ते दुसऱ्या गावी आहेत, ११पर्यंत पोचतील. शेजारी एरंडेल पाजा म्हणतायत. मी हा धागा काल वाचला होता म्हणून थांबलो आहे.

जुना सलोत्री (सोमवार, रात्री ८:४१)

थांबलात ते फार बरं केलंत. दावणीतलं सगळं काढा. नाडी, हिरडी, ताप, दोन्ही कुशींचा आवाज, आणि वेळ. वजनाचा अंदाज आहे का? नसेल तर टेपने कोपराच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. किलो येतील. डॉक्टरांना औषधाच्या मात्रेसाठी लागतं.

माळावरचा (सोमवार, रात्री ९:०२)

नाडी ४८. ताप १००.४. हिरडी जरा कोरडी, गुलाबी, दोन सेकंद. उजव्या कुशीत आवाज आहे, डाव्या कुशीत खाली जवळजवळ नाही. घेर १५०, लांबी १४०, म्हणजे २६५ किलो. माझ्याकडे मागच्या वेळचं फ्लुनिक्सिन (वेदनाशामक इंजेक्शन) आहे, मानेत देऊ का?

जुना सलोत्री (सोमवार, रात्री ९:०६)

नका देऊ. ते स्नायूत दिलं तर कधीकधी तिथलं मांस सडतं, घोडी त्याने दगावली आहेत. शिरेतून देणं डॉक्टरांचं काम. आणि वेदना झाकली गेली की आत आतडं पिळलं असेल तरी घोडं दोन तास बरं दिसतं, तेवढ्यात वेळ निघून जातो. हे आकडे आत्ताच त्या डॉक्टरांना पाठवा. दर अर्ध्या तासाने नाडी लिहा. ६० झाली तर त्यांना परत फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्यायला टेम्पो बघून ठेवा. पाणी किती पितोय दोन दिवस? कडबा नवीन काढलाय का?

माळावरचा (सोमवार, रात्री ९:१५)

कडबा परवापासून नवीन, जाड ताटांचा. पाणी कमी पितोय, थंडी पडल्यापासून हौदाचं पाणी बर्फासारखं आहे. ९:१० ला नाडी ४८च. दहा मिनिटं चालवला, आता उभा आहे, मान खाली.

रानवाट (सोमवार, रात्री १०:२०)

जागी आहे. लिहीत राहा.

माळावरचा (मंगळवार, पहाटे ५:५०)

डॉक्टर ११:२० ला आले. मी वहीतले आकडे दाखवले तर म्हणाले, असं कुणी लिहून ठेवत नाही. मागून हात घालून तपासलं. डावीकडे मोठं आतडं जिथे वळतं तिथे कणकेच्या गोळ्यासारखं गच्च भरलेलं होतं. नाकातून नळी घातली, आधी उलटं पाणी येतंय का पाहिलं, मग कोमट पाणी आणि लिक्विड पॅराफिन सोडलं. शिरेतून वेदनाशामक. नाडी १ वाजता ४४, ३ वाजता ४०.

५:२० ला लीद टाकली. थोडीच, पण मऊ. मी ती हातात घेऊन मोडून पाहिली.

जुना सलोत्री (मंगळवार, सकाळी ६:३०)

छान. पॅराफिन मागून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे शेपटीखाली तेलकट ओल दिसेपर्यंत धोका टळला म्हणू नका. चंदी दोन दिवस बंद. तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की ओला हिरवा चारा मूठमूठ, दोन-दोन तासांनी. पाणी कोमट करून ठेवा, शेजारी साधंही. एक गोष्ट बघा: दावणीखाली गवताच्या चघळून टाकलेल्या वळकट्या पडतात का?

माळावरचा (मंगळवार, सायंकाळी ६:१०)

पडतात. आज झाडून बघितलं तर कोपऱ्यात मूठभर सापडल्या, बोटाएवढ्या, सुकलेल्या. मी त्या महिनाभर झाडून फेकत होतो.

डॉक्टर दुपारी परत आले तेव्हा तोंड उघडून पाहिलं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झाल्या आहेत, गाल आतून सोललेला आहे. चावताना दुखतं म्हणून तो अर्धवट चघळत होता, आणि त्यात जाड कडबा. गुरुवारी दाढा घासणार आहेत. तोवर कुट्टी करून भिजवून देतोय.

शेपटीखाली तेल दिसलं दीड वाजता. नाडी ३६.